बटणांच्या डब्यातली बंदूक

प्रिय बंड्या,

आठ महिने ना पत्र, ना फोन. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. आम्ही बरे आहोत, माझी साखर होती तिथेच आहे.

झकासची बंदूक सापडली.

हो, तीच. तुझ्या 'स्टार वॉर्स' सिनेमातल्या बाहुल्याची, जिच्यापायी आपण भांडलो ती. बिल्डिंग पाडायला घेतायत, जागा खाली करायचीय, म्हणून माळा काढला. आईचा बटणांचा डबा निघाला. तळाशी हुकं, प्रेसबटणं, आणि चॉकलेटच्या चांदीत गुंडाळलेली ती बोटभर काळपट नळी. केर काढताना सापडेल ते आई त्या डब्यात टाकायची, हे खरं. पण चांदीत गुंडाळून ठेवायची खोड कोणाची, हे तुला सांगायला नको. मी चोरली होती का रे? देवाशपथ आठवत नाही. महिनाभर आपण बोलत नव्हतो, तू बाक बदललास, आणि मी रडून रडून आईची शपथ घेतली होती. आता विचारायला आई नाही.

परवा रात्री सगळे झोपल्यावर वाडग्यात पाणी घेतलं. आपले बाहुले काढणाऱ्या केनर कंपनीच्या अस्सल बंदुका बहुतेक तरंगतात, नकली बहुतेक बुडतात. अगदी छातीठोक नाही, पण आम्ही खुळे लोक तेवढ्यावर पैसे मोजतो. नेटवरून मागवलेल्या सुट्या बंदुकांपैकीच एखादी पोरांनी डब्यात टाकली असेल, अशी आशा होती. एरवी तरंगावी म्हणून हात जोडतो, या वेळी बुडावी म्हणून जोडले. तरंगली. बोटाने दाबली, परत वर आली. तेवढ्यात हिने दिवा लावला. "गोळी घेतलीत का?"

हिचं दुखणं वेगळं. भाड्याच्या जागेत माझी बाहुल्यांची फळी मावणार नाही. "त्यात एक तरी हीरो असता तर!" म्हणते. तिला विलरो हूड दाखवला. 'स्टार वॉर्स'च्या 1980 च्या भागात ढगांतल्या शहरातून आइस्क्रीमचं भांडं काखोटीला मारून पळतो, तो. म्हणाली, "बरा आहे, निदान काहीतरी वाचवतोय." आणि निळा स्नॅगलटूथ! केनरला त्याचा कमरेपर्यंतचा काळापांढरा फोटो मिळाला होता, म्हणून 1978 साली त्यांनी त्याला उंच केला, निळे कपडे आणि बूट चढवले. मूळचा बुटका, लाल कपड्यांतला. चुकलेला तोच आज महाग.

चुकीवरून आठवलं. आपले ते दोन बाहुले, झगेवाला माझा, यंत्रवाला तुझा. कार्डावर माझ्याचं नाव फोर-लॉम, तुझ्याचं झकस. आकड्याचं नाव यंत्राचंच असणार, असं तू पाचवीत ओरडून सांगत होतास आणि मी म्हणत होतो, अमेरिकेत छापलंय ते चुकेल का? चुकलं होतं. 1982 साली केनरने नावंच उलटी छापली, नव्वदीत हॅस्ब्रो कंपनीने नवे काढले तेव्हा सरळ झाली. मला हे वीस वर्षांपूर्वीच कळलं होतं. तुला सांगितलं नाही, कारण तू मग दिवाळीपर्यंत थांबला नसतास. घे, आज लेखी देतो. पण त्याचं झकास नाव मी ठेवलं, ते सोडणार नाही.

पडद्यावर बिचारे दोघे मिळून काही सेकंद उभे असतात, एक शब्द बोलत नाहीत. त्यांच्यापायी आपण महिनाभर बोललो नाही.

तुझ्या नोकरीचं काय ठरलं? वहिनींचा गुडघा कसा आहे? चिनू गाडी शिकला म्हणे, तू शेजारी बसू नकोस, त्याला आपलं शिकू दे. अण्णाकाकांना फोन करशील तर बंदुकीचं सांगू नकोस. त्यांनी त्या वेळी माझीच बाजू घेतली होती रे.

कुरियरने पाठवत नाही. डिसेंबरात येशील तेव्हा हातात देतो. तोवर माझ्याच झगेवाल्याला धरायला द्यावी म्हटलं, मुठीजवळ नेलीही, पण बरं वाटलं नाही. पुन्हा चांदीत गुंडाळून डब्यात ठेवलीय.

तुझा,
शिऱ्या

ता. क. झकास आहे ना रे अजून तुझ्याकडे?