अर्ज भरणाऱ्याचाही विचार व्हावा

महोदय,
ऑनलाइन अर्ज भरताना एखादी नोंद चुकली, की नेमके काय चुकले हे न सांगता अनेक संकेतस्थळांवर केवळ ‘अवैध माहिती’ असा लाल शेरा उमटतो आणि भरलेले सारे रकाने कोरे होतात. सोलापूरच्या पूर्व भागातील यंत्रमाग कामगाराने मोबाइलच्या लहानशा पडद्यावर, ओटीपीची मुदत संपण्याच्या आत हे निस्तरायचे कसे? शेवटी त्याला सेवा केंद्रात पैसे मोजावे लागतात, हे फार खटकते. फिकट करड्या अक्षरांचा जाच वेगळाच. मजकूर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, असे वेब सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष २००८ पासून सांगतात. चुकलेल्या रकान्याशेजारीच मराठीत कारण द्यावे, बाकीची माहिती जपावी आणि अर्ज खुला करण्यापूर्वी तो चार सामान्य माणसांकडून भरून पाहावा.

– एक वाचक, सोलापूर