ते बाळ शांघायचे आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या, ६ ऑगस्टच्या पुरवणीत पहिल्याच पानावर आपण मोठे छायाचित्र छापले आहे. मोडून पडलेल्या फलाटावर एकटेच बसून रडणारे बाळ, अंगावर कपड्यांच्या चिंध्या. खाली ओळ दिली आहे, ‘हिरोशिमा, १९४५’.

संपादक महाशय, ते बाळ शांघायचे आहे. तिथल्या दक्षिण रेल्वे स्थानकावर २८ ऑगस्ट १९३७ रोजी एच. एस. वाँग या बातमीपटाच्या कॅमेरामनने हा फोटो काढला, अणुबाँबच्या जवळजवळ आठ वर्षे आधी. शहर सोडून जाण्यासाठी गाडीची वाट बघत थांबलेल्या बायकामुलांवर तिथे बाँब पडले. बाळाची आई रुळांवर मरून पडली होती, असे वाँगनेच सांगून ठेवले आहे. त्या ऑक्टोबरात ‘लाइफ’ या अमेरिकन साप्ताहिकाने तो छापला आणि जग हळहळले. आणि बाँब टाकणारी विमाने जपानची होती! ज्यांनी मारले त्यांच्याच खात्यावर तुम्ही हे मूल मांडलेत.

हिरोशिमात जे झाले ते भयंकरच होते. त्यासाठी दुसऱ्याचे मूल उसने आणायची गरज नव्हती. त्याच शहरातल्या ‘चुगोकु शिंबुन’ या दैनिकाचे योशितो मात्सुशिगे अणुबाँब पडला त्याच दिवशी, ६ ऑगस्टला, कॅमेरा घेऊन फिरत होते. समोरची माणसे बघून त्यांचा हात चालेना. दिवसभरातले त्यांचे पाचच फोटो उरले आहेत. मियुकी पुलावरच्या होरपळलेल्या माणसांचा त्यातलाच एक का नाही छापला? आणि जपानी हल्ल्यांत होरपळणाऱ्या चीनला १९३८ साली आपल्या देशाने डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, हे मराठी दैनिकाला मी सांगायचे?

फोटोखालच्या एका ओळीचा मला एवढा संताप का यावा, तेही सांगते. माझे आजोबा रंगूनला एका लाकूड कंपनीत कारकून होते. २३ डिसेंबर १९४१ ला जपानी बाँब पडले आणि चालते संसार टाकून लोक निघाले. आमची माणसे ब्रह्मदेशाच्या सीमेवरच्या तामूच्या वाटेने मणिपुरात उतरली. आईचा धाकटा भाऊ वाटेतच गेला. इंदुरात चुलत आजोबांकडे पोचल्यावर राजवाड्याजवळच्या एका स्टुडिओत सगळ्यांचा फोटो काढला होता. आजी नऊवारीत, मांडीवर कोणी नाही. आई सात-आठ वर्षांची, पायांना फडकी बांधलेली, कारण सुजलेल्या पायांत चप्पल जात नव्हती. मागच्या बाजूला आजोबांनी पेन्सिलीने सगळ्यांची नावे लिहिली होती. शेवटी, जो फोटोत नव्हता त्याचेही.

स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी एका दैनिकाचे (आपले नव्हे) गृहस्थ ‘दोन दिवसांत परत आणून देतो’ म्हणून तो फोटो घेऊन गेले. छापून आला तो ‘फाळणीत सर्वस्व गमावलेले निर्वासित कुटुंब’ म्हणून! आजीची नऊवारी कोणाच्या डोळ्यांना दिसली नाही. मागची नावे कोणी उलटून वाचली नाहीत. आई त्या कचेरीत खेटे घालून थकली. खुलासा छापला नाहीच, शेवटी ‘रद्दीत गेला असेल’ म्हणून तिची बोळवण केली. त्या धाकट्या मामाचे नाव लिहिलेला आमच्याकडे तेवढाच एक कागद होता. आई गेली तोवर ती तो फोटो विसरली नाही. काल तुमची पुरवणी उघडली आणि मला ती कचेरीच्या जिन्यावर बसलेली दिसली.

फोटोतले मूल काही बोलू शकत नाही. ते कुठले, कधीचे, कोणाच्या बाँबने पोरके झाले, हे फोटोखालची ओळच सांगते. ती लिहिणाऱ्याने पाच मिनिटे शोधायला नको?

दुरुस्ती अवश्य छापा, पण नेहमीसारखी निविदांच्या जाहिरातींखाली, भिंगातून वाचावी लागेल अशी नको. त्याच पुरवणीत, त्याच पानावर, तेवढ्याच आकारात तोच फोटो पुन्हा छापा आणि खाली शांघाय, १९३७ आणि वाँगचे नाव घाला. एरवीही तुमच्या निम्म्या फोटोंखाली नुसते ‘संग्रहित’ असते. आमच्या शहरात उन्हातान्हात फिरून फोटो काढणाऱ्या मुलांची नावे छापायला जागा नसते का?

आणखी एक. १५ ऑगस्टच्या अंकासाठी वाचकांकडून जुने कौटुंबिक फोटो मागवल्याची चौकट कालच्याच अंकात आहे. फोटो घेताना प्रत्येकाला सही-शिक्क्याची पोच द्या, मागे लिहिलेले उतरवून घ्या आणि मूळ फोटो त्याच दिवशी परत करा.

आपली,
एक जुनी वाचक
रामबाग, इंदूर