सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पानावर गाडी चालू होत नसल्यास काय करावे, याविषयी नुकताच सल्ला प्रसिद्ध झाला. बॅटरी तपासा, दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडून पाहा आणि तेही जमले नाही तर गाडीला धक्का मारा, असे उपाय त्यात सांगितले आहेत. चावी फिरवल्यावर नुसता ‘कट्’ असा आवाज येऊन सारे थंड पडत असेल, तर हे उपाय योग्यच आहेत. मात्र सेल्फ, म्हणजे इंजिनाला सुरुवातीचे फेरे देणारी विजेची मोटर, नेहमीच्या जोमाने फिरतो, त्याच्याबरोबर इंजिनही फिरते आणि तरीही ते पकडत नाही, ही तक्रार मुळातूनच वेगळी आहे. या दोन तक्रारी एकाच मथळ्याखाली घातल्या गेल्यामुळे चांगली बॅटरी बदलून येणारे आणि दमेपर्यंत गाडी ढकलणारे वाचक निघतील, म्हणून हे पत्र.

सेल्फ इंजिनाला मिनिटाला साधारण २०० ते २५० फेरे देतो. एवढे काम होत असेल, तर बॅटरी आणि सेल्फ यांच्यावर संशय घेण्याचे सहसा कारण उरत नाही. धक्का मारून आपण चाकांच्या जोरावर इंजिन फिरवतो, म्हणजे जे काम सेल्फ आधीच बिनतक्रार करत आहे तेच चार माणसांकडून करून घेतो. त्यात वारंवार प्रयत्न केल्यास न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत पोहोचते आणि पुढे ते तेथेच पेटून त्या महागड्या भागाचे नुकसान होऊ शकते. अपवाद एकच, पण महत्त्वाचा: सेल्फ कण्हत, रेंगाळत फिरत असेल तर बॅटरीचा सल्ला पुन्हा लागू होतो. पूर्ण भरलेली बॅटरी विसावलेल्या स्थितीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना हा आकडा ९.६च्या खाली जात असेल, तर इंजिन कसेबसे फिरते, पण ठिणगीसाठी वीज पुरवणारी इग्निशन कॉइल आणि इंजिनाचा संगणक यांच्या वाट्याला पुरेशी वीज येत नाही.

सेल्फ जोमाने फिरत असेल, तर पेट्रोल इंजिनाला आणखी काय लागते, याचा विचार करायचा. इंधन, हवा, योग्य क्षणी पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमधील दाब यांपैकी काहीतरी कमी पडत आहे. त्यातले पुष्कळसे बॉनेट न उघडताही ताडता येते; त्यासाठी सेल्फ मारणे थांबवून लक्ष देण्याची तयारी हवी. आपल्या सल्ल्यातून नेमके हेच राहून गेले आहे.

चावी ‘ऑन’वर आणून तेथेच थांबावे. बहुतेक इंजेक्शन गाड्यांमध्ये, म्हणजे संगणकाच्या हुकमाने इंधन फवारणाऱ्या गाड्यांमध्ये, टाकीच्या बाजूने, म्हणजे बहुधा मागच्या सीटखालून, सुमारे दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते. तो इंधन पंप असतो. एरवी येणारा हा आवाज आज अजिबात नसेल, तर पंपाचा फ्यूज आणि रिले (पंपाची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) आधी पाहावा. अनेक गाड्यांत हॉर्नचा रिले त्याच बनावटीचा असतो. दोन्हींवरील क्रमांक जुळत असल्यास अदलाबदल करून क्षणात खात्री करता येते. काही गाड्यांत आदळ बसल्यावर इंधन तोडणारा सुरक्षा स्विचही असतो आणि खड्ड्यात जोरात आपटल्यानंतर तो उडाल्याचे कोणाच्या ध्यानीही येत नाही. मात्र आवाज आला म्हणजे पंप निर्दोष ठरला, असे नाही. थकलेला पंपही गुणगुणतो. त्याचा दाब किती आहे, हे गेज लावल्यावरच कळते. टाकीत खरोखर इंधन आहे ना, हेही पाहावे, कारण इंधनाची पातळी सांगणारा टाकीतील तरंगा अडकला की काटा अर्धी टाकी दाखवत राहतो.

चावी ‘ऑन’ असतानाच डॅशबोर्डकडे पाहावे. चावीचे किंवा कुलपाचे चिन्ह सतत लुकलुकत असेल, तर चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरने चावीतील चिप ओळखलेली नाही, अशी दाट शक्यता असते. काही गाड्यांत तो सेल्फच अडवतो, तर काहींत सेल्फ फिरू देऊन इंधन किंवा ठिणगी रोखतो. येथे दुसरी चावी लावून पाहणे, एवढाच बिनखर्ची उपाय आहे. नंतर सेल्फ मारताना इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा पाहावा. पुष्कळ गाड्यांत तो किंचित हलतो. तो शून्यावर निपचित राहिला, तर क्रँकशाफ्टची, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्याची, स्थिती सांगणाऱ्या सेन्सरवर संशय घ्यावा. त्याचा संदेश नसेल, तर ठिणगी केव्हा पाडायची हे संगणकाला कळत नाही. तापल्यावर बंद पडणारी आणि थंड झाल्यावर काही घडलेच नाही अशा थाटात चालू होणारी गाडी बऱ्याचदा याच सेन्सरची बळी असते.

पेट्रोलचा उग्र वास येत असेल, तर ठिणगी पाडणारे प्लग पेट्रोलने ओले झाले असावेत. ॲक्सिलरेटर पुन:पुन्हा दाबण्याची सवय कार्बोरेटरच्या काळातील आहे. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत पेडल पूर्ण दाबून धरून सेल्फ मारल्यास संगणक इंधन तोडतो आणि नुसती हवा खेळून सिलिंडर कोरडे होतात. मात्र एका वेळी दहा सेकंदांहून अधिक सेल्फ मारू नये आणि मध्ये निदान अर्धा मिनिट थांबावे, कारण सतत चालण्यासाठी ती मोटर बनवलेलीच नसते.

एक आवाज मात्र प्रत्येक चालकाने ओळखायला शिकावा. एरवी सेल्फच्या आवाजात चढउताराची लय असते, कारण प्रत्येक सिलिंडर आळीपाळीने हवा दाबत असतो. ती लय जाऊन इंजिन शिलाई यंत्रासारखे सरसर, हलके फिरू लागले, तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारा टायमिंग बेल्ट तुटला किंवा घसरला असण्याची शंका घ्यावी आणि चावी तत्काळ बंद करावी. अनेक इंजिनांत अशा वेळी पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि पुढचा प्रत्येक प्रयत्न नुकसान वाढवतो. येथे ‘अजून एकदा मारून बघ’ म्हणणाऱ्याचे ऐकू नये.

प्लगची वायर काढून बॉडीला टेकवून ठिणगी पाहण्याचा जुना उपाय अजूनही सांगितला जातो. आजच्या कॉइल कित्येक हजार व्होल्टपर्यंत पोहोचतात. झटका तर बसतोच, शिवाय कॉइल किंवा संगणक जळू शकतो. हे काम टेस्टर लावून गॅरेजमध्येच व्हावे. गाडीच्या संगणकातील दोष वाचणाऱ्या स्कॅनरने दिलेला कोडही निकाल समजू नये. ‘पी ०३३५’ हा कोड क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष असल्याचे सांगतो. तो दोष सेन्सरमध्ये, वायरमध्ये की सैल झालेल्या जोडणीत, हे तपासल्याशिवाय नवा सेन्सर बसवण्याची घाई कशासाठी?

डिझेल गाड्यांसाठी आपण स्वतंत्र चौकट द्यावी, अशी विनंती आहे. तेथे ठिणगीच नसते. हवा दाबून तापते आणि इंधन पेटते. त्यामुळे थंडीत सिलिंडर आधी तापवणारे ग्लो प्लग, फिल्टर बदलल्यानंतर इंधनाच्या नळीत शिरलेली हवा आणि फिल्टरमध्ये साचलेले पाणी हे तेथील पहिले संशयित होत. ग्लो प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा स्टार्टिंग स्प्रे मारू नये, ही सूचना त्या चौकटीत ठळक अक्षरांत असावी, कारण तापलेल्या प्लगवर तो भलत्याच क्षणी पेटून इंजिन फुटू शकते.

आपला,
एक नियमित वाचक