रात्री दोन ते चार

प्रिय आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल फोन झाला, पण तो नेहमीसारखाच. बाबांनी विचारलं, "सगळे सुखरूप ना?" मी हो म्हटलं आणि त्यांनी लगेच फोन आईकडे दिला. आईने विचारलं, "थंडी फार होती का गं?" मी नाही म्हटलं. मागे मुलांचा गोंधळ सुरू झाला आणि बोलणं तिथेच संपलं. नाताळच्या सुट्टीत आठ माणसं पाच दिवस बोटीवर राहून आलो आणि तुम्हाला कळलं काय, तर सुखरूप आहोत आणि थंडी नव्हती. म्हणून आज मुलं झोपल्यावर कागद घेऊन बसले आहे.

थंडी होती, आई. सकाळी खिडक्यांच्या आतल्या बाजूने पाणी ओघळायचं, इतकी होती. आठ जणांचा श्वास, चहाची वाफ, ओले टॉवेल, सगळं त्या गार काचेवर येऊन बसायचं. सासूबाई रोज उठल्यावर फडकं घेऊन आधी काचा पुसायच्या. ते काम त्यांनी पहिल्याच दिवशी स्वतःकडे घेतलं आणि शेवटपर्यंत कुणाला करू दिलं नाही.

बोट चौदा मीटरची. ऐकायला मोठी वाटते, पण ओट्यापासून बिछान्यापर्यंत पाच पावलं. आम्ही चौघं, सासूबाई, नणंद, तिचे यजमान आणि बोटीच्या कप्तानबाई. प्रत्येक बाकाखाली पेटी, प्रत्येक पायरीखाली खण. सामान लावताना मला सारखी तू आठवत होतीस. एका ट्रंकेत चौघांचे कपडे, अंथरुणं आणि वर औषधांचा डबा बसवायचीस, तसंच हे. पाण्याची टाकी चारशे लिटरची. आठ माणसं आणि पाच दिवस म्हणजे माणशी रोज दहा लिटर, त्यातच पिणं, भांडी, तोंड धुणं. थोरलीने हा हिशेब कागदावर मांडून नळाच्या वर चिकटवला. एरवी घरी शॉवरखाली वीस मिनिटं उभी राहणारी मुलगी दात घासताना नळ बंद करायला लागली, आणि तेही मी न सांगता.

आता सजावटीचं सांगते, कारण मुलांच्या मते खरी सुट्टी तीच होती. दोघांनी महिनाभर आधीपासून पिशवी भरून ठेवली होती. दिव्यांच्या माळा, कागदी साखळ्या, पुठ्ठ्याचा तारा. नाताळ म्हणून लाल आणि हिरव्या माळा मुद्दाम जास्त घेतल्या होत्या. पहिल्या दिवशी धक्क्याला बांधलेलो असतानाच त्यांनी डेकच्या कठड्याला त्या गुंडाळायला सुरुवात केली. कप्तानबाई आल्या, पाहिलं, आणि मुलांच्या शेजारी खाली बसल्या. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "आधी आपल्या बोटीचे दिवे बघू या."

बोटीच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो आणि उजव्या अंगाला हिरवा. प्रत्येक दिवा समोरून सुरू होऊन आपल्या बाजूने थोडा मागेपर्यंत, 112.5 अंशांतच दिसतो. मागे पांढरा. अंधारात दुसऱ्या बोटीवरच्या माणसाला आपली बोट दिसत नाही, फक्त दिवे दिसतात. नुसता लाल दिसला तर आपली डावी बाजू त्याच्याकडे आहे, नुसता हिरवा दिसला तर उजवी, आणि दोन्ही एकदम दिसले तर आपण सरळ त्याच्यावर चाललो आहोत. कुणी कुणाला वाट द्यायची ते तो यावरूनच ठरवतो. सागरी वाहतुकीचे 1972 चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यात स्पष्ट लिहिलं आहे की सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत या दिव्यांशी गल्लत होईल असा दुसरा कुठलाही दिवा लावायचा नाही. आणि आमच्या मुलांनी उजवीकडे लाल माळ बांधली होती!

धाकट्याचं तोंड एवढंसं झालं. पण थोरलीने बराच वेळ विचार करून तोड काढली. लाल-हिरवं जे काही आहे ते कागदाचं, आणि दिवे सगळे पिवळसर, तेही आत, खिडक्यांच्या कडेने, आणि बोट चालत नसेल तेव्हाच. संध्याकाळी धक्क्यावर उतरून आम्ही पाहिलं. प्रत्येक खिडकीभोवती मऊ पिवळा उजेड, आत हलणारी आपली माणसं, आणि खाली पाण्यात तीच बोट उलटी. कठड्यावरच्या माळांनी एवढी सुंदर दिसली नसती, असं मला अगदी मनापासून वाटतं.

बाबा, विजेचा हिशेबही तुमच्या पद्धतीने झाला. बारा व्होल्टची बॅटरी, एका एलईडी माळेला साधारण सहा वॅट, म्हणजे अर्धा अँपिअर. सहा माळा सहा तास चालवल्या तर अठरा अँपिअर-तास. बॅटरी शंभराची असली तरी निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, नाहीतर तिचं आयुष्य घटतं. शिवाय फ्रिज, पाण्याचा पंप आणि रात्रभर लागणारा दिवा त्याच बॅटरीवर. म्हणून रात्री अकराला माळा बंद. ते काम धाकट्याकडे होतं, आणि खोलीबाहेर पडताना तुम्ही आम्हाला मागे फिरवून दिवा बंद करायला लावायचात, तसा तो सगळ्यांना मागे फिरवायचा.

त्याला वेगळीच काळजी होती. बोटीला धुराडं नाही, अंगण नाही, मग सांता येणार कुठून? नणंदेच्या यजमानांनी त्याला समजावलं की नेदरलँड्समध्ये सांताचा जो मूळ अवतार आहे, सिंटरक्लास, तो दर नोव्हेंबरमध्ये बोटीनेच येतो, वाफेच्या बोटीतून, सोबत घोडा घेऊन. आणि ज्या संत निकोलसवरून हे दोघे आले, तो तर खलाशांचा रक्षक मानला जातो. ग्रीसमध्ये नाताळला झाडाऐवजी छोटी बोट सजवायची जुनी रीत आहे, तीही सागरी माणसांचीच. हे ऐकून त्याचं इतकं समाधान झालं की त्याने पुठ्ठ्याचा तारा झाडासाठी न ठेवता बोटीच्या डोलकाठीला बांधायला लावला.

चोवीस तारखेला दुपारी धक्का सोडला आणि एका निवाऱ्याच्या खाडीत नांगर टाकला. सहा मीटर पाणी, तीस मीटर साखळी. साखळी एवढी लांब का, तर नांगर नुसत्या वजनाने धरत नाही. साखळी तळाशी आडवी पडली की ओढ आडवी बसते आणि नांगर आणखी रुततो. आखूड सोडली तर ओढ वर लागते आणि तो उचकटतो.

जेवणं झाल्यावर कप्तानबाईंनी एक गोष्ट सांगितली. 1492 सालची, याच रात्रीची. कोलंबसचं सांता मारिया जहाज हैतीच्या उत्तर किनाऱ्याजवळ होतं. समुद्र शांत होता, माणसं थकलेली होती, एकेक करून सगळे झोपले. सुकाणूवरच्या माणसानेही सुकाणू एका पोराच्या हातात दिलं आणि तोही झोपला. प्रवाहाने जहाज अलगद नेऊन खडकाळ उथळावर बसवलं. पुन्हा निघालंच नाही. त्याच्या लाकडांनी किनाऱ्यावर एक गढी बांधली आणि तिचं नाव ठेवलं ला नाविदाद, म्हणजे नाताळ. मग थोरलीला मी सांगितलं की आपला 'नाताळ' हा शब्दही पोर्तुगीजांकडून आला, आणि 1497 मध्ये वास्को द गामा नाताळच्या दिवसांत आफ्रिकेच्या ज्या किनाऱ्याजवळून गेला त्यालाही त्याने नाताल हेच नाव दिलं. तिला ते फार आवडलं. माझ्या मनात मात्र तो सुकाणू धरून बसलेला पोरगाच राहिला. सगळी मोठी माणसं झोपलेली आणि तो एकटा.

म्हणूनच रात्री पहारा असतो. दोन-दोन तासांच्या पाळ्या लागल्या. मला दोन ते चार मिळाली.

बाबा, हे पत्र खरं तर त्या दोन तासांसाठी आहे.

वर आले तेव्हा आधी काहीच दिसेना. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि मध्ये एकदा जरी मोबाइल पेटवला तरी पुन्हा पहिल्यापासून. मग हळूहळू किनारा दिसायला लागला. कप्तानबाईंनी दोन खुणा दाखवून ठेवल्या होत्या, काठावरचा एक दिवा आणि त्याच्या बरोबर मागे टेकडीवरचा दुसरा. बोट वाऱ्याने फिरते, दिवे सरकल्यासारखे वाटतात, पण बोट मागे आली की ते पुन्हा एका ओळीत यायला हवेत. आले नाहीत तर नांगर घसरतोय. यंत्रावर गजर लावलेला होता, तरी डोळ्यांनी पाहायचं. वर डोलकाठीवर नांगरलेल्या बोटीचा पांढरा दिवा आणि त्याखाली धाकट्याचा पुठ्ठ्याचा तारा, दवाने मऊ पडलेला.

अर्ध्या तासाने आत एक फेरी मारायची होती. सिलिंडरची कळ बंद आहे ना ते पाहिलं. हवेच्या झरोक्यांवर कुणी थंडीमुळे कपडा कोंबला नाही ना ते पाहिलं, कारण शेगडी पेटत असेल तर आत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठू शकतो, आणि त्याचा वास येत नाही, नुसती झोप येते आणि डोकं जड होतं. त्याच्या गजराचा छोटा हिरवा ठिपका लुकलुकत होता. दाराशी लाइफ जॅकेटं मोजली, आठ. मग मुलांच्या बिछान्याशी गेले. धाकट्याचं पांघरूण सरकलं होतं, ते सारखं केलं.

आणि तिथेच मला कळलं की ही फेरी मी कुठे पाहिली आहे.

तुम्ही रोज रात्री मारायचात. आधी गॅस, मग कडी, मग खिडकी, मग आमची खोली. मी पुष्कळदा जागी असायचे. तुमची पावलं ऐकली की डोळे मिटून घ्यायचे, कारण पांघरूण तुम्ही नीट करावं असं वाटायचं. आणि आतून आईचा आवाज यायचा, "लावली ना कडी?" म्हणजे ती पण जागीच. मोठी झाल्यावर मला या फेरीचा कंटाळा यायचा. एकदा मी तुम्हाला म्हटलंही होतं, "बाबा, रोज काय तेच तेच बघता, काही होत नाही." तुम्ही काही बोलला नाहीत, कडी पाहून झोपायला गेलात. काही होत नव्हतं ते तुम्ही बघत होतात म्हणून, हे मला त्या रात्री डेकवर कळलं. माफ करा.

पावणेचारला सासूबाई वर आल्या. शाल गुंडाळून शेजारी बसल्या. त्यांची पाळी नव्हती. बराच वेळ आम्ही दोघी ते दोन दिवे बघत होतो. मग त्या म्हणाल्या, "तुझ्या आई-बाबांना पुढच्या वेळी आणायचंच."

आता तेच विचारते. आई, तुला पाण्याची भीती वाटते हे मी जाणते. पहिले दोन दिवस धक्क्यालाच बांधून राहू, वाटलं तर पाचही दिवस. दोर सोडायचाच असा काही नियम नाही. मळमळ झाली तर बोटीच्या मध्यावर बसायचं, तिथे हलणं सगळ्यांत कमी असतं. तुझी जागा मी तिथेच ठरवली आहे, खिडकीलगत.

बाबा, तुमच्या गुडघ्याचंही कप्तानबाईंशी बोलले. धक्क्यावरून डेकवर चढायला पंचेचाळीस सेंटिमीटरची उंची आहे, पण मध्ये ठेवायला त्यांच्याकडे लाकडी पायरी आहे, म्हणजे ती निम्मी होते. आत उतरायला चार पायऱ्या, प्रत्येक पंचवीसची, दोन्ही बाजूंना धरायला दांडा. बिछाना जमिनीपासून खुर्चीइतका उंच. पहाऱ्याची दोन ते चारची पाळी तुम्हाला हवी असेल तर ती तुमचीच. मी सोबत बसेन.

तर एवढं करा. भिंतीला हात टेकून उभे राहा आणि दुखायला लागेपर्यंत पाऊल किती वर उचलतं ते आईकडून टेपने मोजून घ्या. ताणून आकडा वाढवू नका. दोन्ही पायांचा वेगवेगळा लिहा, आणि उत्तर फोनवर नको, पत्राने पाठवा.

तुमची,
लेक