रविवारची कथाबैठक : अमेरिकेचे यादवी युद्ध, वेगळ्या वळणावर

सदस्यहो, नमस्कार.

येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता, वाचनालयाच्या वरच्या खोलीत कथाबैठक आहे. विषय ठरल्याप्रमाणे अमेरिकेतलं यादवी युद्ध (१८६१ ते १८६५). 'असं झालं असतं तर' या धर्तीची कथा किंवा अद्भुतकथा, दोन्ही चालतील.

अजून काही सुचलं नसेल तर १३ सप्टेंबर १८६२ चा दिवस घ्या. मेरिलँडमध्ये फ्रेडरिक गावाजवळ उत्तरेच्या शिपायांना तीन सिगार सापडले. ते ज्या कागदात गुंडाळले होते, तो निघाला दक्षिणेच्या जनरल लीचा गुप्त हुकूम! चार दिवसांनी अँटिएटमची लढाई झाली आणि २२ तारखेला लिंकनने गुलाममुक्तीचा प्राथमिक जाहीरनामा काढला. तो कागद कुणाला दिसलाच नसता तर?

मुंबईतूनही या विषयात शिरता येईल. अमेरिकेचा कापूस अडला तसा इथला भाव कडाडला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच भल्याभल्यांचं दिवाळं निघालं.

- कथा १००० शब्दांच्या आत हवी. शुक्रवारी रात्रीपर्यंत गटावर टाका.
- बदल एकच करा. बाकी तारखा, गावं, हत्यारं तपासून घ्या.
- तेव्हा सुमारे ४० लाख माणसं गुलामीत होती. त्यांना नुसती पार्श्वभूमी करू नका. त्यांना नाव द्या, निर्णय घेऊ द्या. याबाबत माझा आग्रह आहे.
- वाचनाला प्रत्येकी १० मिनिटं. कथा छापून आणा, मोबाइलवरून वाचताना मागच्या वेळी लय तुटत होती.

येणार असाल तर गुरुवारपर्यंत कळवा, म्हणजे वाचनाचा क्रम लावता येईल.