रानपिंगळ्याला साक्षीदार कोण?

संपादक महोदय,

पक्षीनोंदींवरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. ‘फोटो नाही तर नोंद नाही’ असा त्याचा एकूण सूर. शहाद्याच्या माणसानं यावर गप्प बसणं बरं नव्हे.

यंदा शिमग्याच्या आधी साक्री तालुक्यात बहिणीकडे गेलो होतो. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. पानं गळालेल्या सागावर, भर उन्हात, एक छोटं घुबड शेपटी डावी-उजवीकडे झटकत बसलं होतं. आपल्या नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. याचं डोकं जवळजवळ कोरं. छातीवर रुंद तपकिरी पट्टा, खाली पोट पांढरंशुभ्र. पाच-सात मिनिटं पाहिलं आणि तिथंच वहीत टिपलं. माझ्या साध्या फोनच्या फोटोत मात्र सागच तेवढा आला.

हा दुर्मीळ रानपिंगळाच, असं वाटून पक्षीनोंदी जमवणाऱ्यांकडे नोंद पाठवली. उत्तर आलं : ‘साधा पिंगळा असावा.’ पाठवणाऱ्याचं नाव नाही. मी लिहिलेल्या खुणांपैकी कोणती पटली नाही, तेही नाही.

पुराव्याचा आग्रह मला मान्य आहे. पण याच रानपिंगळ्याचा इतिहास पाहा. १८८४ नंतर तो कुणाला खात्रीनं दिसलाच नव्हता. मध्ये ब्रिटिश सैन्यातल्या कर्नल माइनर्ट्झहागन यांनी १९१४ साली गुजरातेत मांडवीला मारल्याचं सांगून एक नमुना संग्रहालयात ठेवला. नमुना हातात, वर लष्करी साहेबाचा शब्द! सलीम अली आणि डिलन रिप्ली या पक्षीशास्त्रज्ञांनीही त्यावर विसंबून तापीकाठचा तो भाग धुंडाळला. पुढं अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी नमुना बारकाईनं तपासला, तेव्हा तो संग्रहालयातूनच चोरून नव्यानं शिवलेला जुना पक्षी निघाला. मग त्यांनी खरे नमुने जिथं मिळाले होते त्या जागा धुंडाळायला घेतल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये रानपिंगळा सापडला तो आमच्या शहाद्याजवळ. तब्बल ११३ वर्षांनी! आम्ही मात्र त्या रानातून वर्षानुवर्षं तोरणमाळच्या यात्रेला जात होतो, वर न बघता. ते असो.

पक्ष्याचं कातडं टेबलावर असूनही एवढी फसगत झाली. म्हणून पाहणाऱ्यानं काय, कुठं, किती वेळ पाहिलं हेही फोटोइतकंच तपासावं. नोंदी तपासणारे बहुतेक जण बिनपगारी, हौसेनं हे काम करतात, याची मला जाण आहे. पण तीस वर्षं उत्तरपत्रिका तपासताना लाल शाईनं कारण लिहिल्याशिवाय मी कुणाचा अर्धा गुणही कापला नाही. नोंद बाद करताना दोन ओळींचं कारण आणि खाली नाव, एवढंच मागतो. तपासणाऱ्यांत त्या रानात गुरं चारणारा एखादा पावरा किंवा भिल्ल गडीही असावा. त्यानं पिंगळे माझ्यापेक्षा जास्त पाहिलेत.

नातवानं आता कॅमेरा दिलाय. पुढच्या माघात त्याच सागाखाली जाऊन बसणार आहे. साधा पिंगळा निघाला, तर तेही आपल्याच सदरात कळवीन.

– एक निवृत्त शिक्षक, शहादा (जि. नंदुरबार)