आई-बाबा, इथे त्सुयु लागलाय

प्रिय आई-बाबा,

इथे जपानमध्ये त्सुकुबात गेल्या आठवड्यात त्सुयु लागला, म्हणजे इथला पावसाळा, जुलैच्या मध्यापर्यंत जेमतेम सहा आठवडे. दिवसभर नुसती रिपरिप, टॉवेल वाळत नाहीत. नाव लिहितात त्याचा अर्थ प्लमचा पाऊस, कारण तेव्हाच ते पिकतात. शेजारच्या आजींनी काल प्लम मिठात घालून वर वजन ठेवलं आणि आई, मला तुझी दादरा बांधलेली लोणच्याची बरणी आठवली गं.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत की पाऊस खिडकीतून दिसतो तर कॉम्प्युटरमध्ये कशाला पाडायचा, तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही. उद्या पडेल का ते हवामान खातं सांगतं. आम्हाला बघायचंय की पृथ्वी तापली तर त्सुयुचा हा पावसाचा पट्टा कुठे सरकेल, किती दिवस मुक्काम करेल. चीनच्या यांगत्से खोऱ्यापासून जपानपर्यंत हजारो किलोमीटर लांब पण रुंदीला अगदी चिंचोळा, त्यामुळे थोडा सरकला तरी एकीकडे पूर, दुसरीकडे कोरडं. 2020 च्या जुलैत इथल्या क्युशू बेटावर कुमा नदीला पूर आला, माणसं गेली, तो ह्याच पट्ट्याचा पाऊस.

मॉडेलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये गणितानं उभ्या केलेल्या हवामानात, पृथ्वीवर चौकोनांची जाळी टाकतात. चौकोन दीडशे किलोमीटरचा असला की आपली वाई, पसरणी घाट, महाबळेश्वर आणि खालचं कोकण सगळं एकाच चौकोनात, सह्याद्रीचा होतो बुटका उंचवटा! वर महाबळेश्वरला वर्षाला पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या पुढे आणि आपल्याकडे वाईत त्याच्या पावपटही नाही, हे त्याला कळणार कसं? इथला पट्टाही तसाच फिसकटतो. 2002 मध्ये योकोहामाला अर्थ सिम्युलेटर हा महासंगणक सुरू झाला, मग 20 किलोमीटरच्या चौकोनावर तो बराच नीट उमटायला लागला.

गेल्या महिन्यात मी मॉडेलमधून तिबेटचं पठार काढून टाकलं. असा प्रयोग हवामानशास्त्रज्ञ मानाबेंनी (2021 चं नोबेल मिळालं ते) आपल्या मान्सूनवर 1975 मध्येच केला होता, तरी स्वतःच्या स्क्रीनवर बघताना अंगावर काटा आला. पट्टा जवळजवळ गायबच, कारण पठारावरून पश्चिमेच्या वाऱ्यांबरोबर येणारी ऊब गेली, हवा वर चढेना. इतक्या लांबचा डोंगर आजींच्या अंगणात पाऊस पाडतो हो बाबा.

तुमची पावसाची वही चालू आहे ना? पर्जन्यमापक बघायला गच्चीवर मात्र आता जाऊ नका, गुडघे सांभाळा, अंगणातच ठेवा, फक्त पेरूच्या झाडापासून लांब. आणि जुन्या वह्यांचे फोटो दादाला पाठवायला सांगा, मला सगळी वर्षं हवीयेत.

तुमची,
छकुली